गोल्फचा हिशेब आणि हँडिकॅपचा न्याय

पुण्याच्या उदयन माने यांनी 2021 मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकात गोल्फमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हापासून आमच्या भिंगारच्या छावणी परिसरातील जे जिज्ञासू या खेळाचा गुणफलक न्याहाळू लागले असतील, त्यांच्यासाठी हा खुलासा.

प्रत्येक खळग्यासाठी अपेक्षित फटक्यांची संख्या म्हणजे ‘पार’. एक फटका कमी लागल्यास बर्डी, एक अधिक लागल्यास बोगी.

परंतु या खेळाचे खरे वैभव हँडिकॅपमध्ये, म्हणजे कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीत, आहे, कारण नवशिका आणि निष्णात यांना समान भूमिकेवरून झुंजू देणारी अशी न्याय्य तजवीज अन्य क्रीडाप्रकारांत क्वचितच आढळते. 2020 पासून अमलात आलेल्या जागतिक पद्धतीत प्रत्येक डावाच्या फटक्यांतून मैदानाचे मानांकन (निष्णात खेळाडूस तेथे अपेक्षित फटके) वजा करून, बाकीस 113 ने गुणून मैदानाच्या ‘स्लोप’ने (सामान्य खेळाडूस ते निष्णातापेक्षा किती अवघड, याच्या मापाने) भागतात; फटके 90, मानांकन 70.2 आणि स्लोप 125 असल्यास तफावत येते 17.9. अखेरच्या 20 डावांपैकी सर्वोत्तम 8 तफावतींची सरासरी, तोच हँडिकॅपचा पाया. वाईट दिवस दफ्तरी नोंदले जातात, तथापि निवाडा खेळाडूच्या कुवतीवर होतो, हे तत्त्व मला अत्यंत उदात्त वाटते.

गुणफलकाच्या हिशेबातील एक आकडा मात्र फसवा असतो, तो म्हणजे पटिंगच्या, अर्थात हिरवळीवरून चेंडू खळग्यात ढकलण्याच्या, फटक्यांची नुसती संख्या. चेंडू आधीच खळग्यानिकट आणून ठेवणाऱ्यास ते फटके साहजिकच कमी लागतात.