आधी कुणाचं दप्तर?

वंशभेद म्हटला की आपल्याला अमेरिका आठवते. १९६० साली मार्शलांच्या पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत जाणारी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस आठवते. मला मात्र आधी आमच्या अक्कलकोट तालुक्यातला जातिभेद आठवतो. लेखक शरणकुमार लिंबाळे तिथल्या हन्नूरचे. त्यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मचरित्रातली शाळेची सहल मी भेटेल त्याला ऐकवत आलोय. घरचे आता विषय निघाला की उठून जातात.

सहलीत वरच्या जातींची मुलं एका झाडाखाली बसतात, महारांची दुसऱ्या. तिकडे तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ, इकडे कोरड्यास भाकरी. तिकडचं उरलंसुरलं इकडे येतं आणि पोरं त्यावर तुटून पडतात. घरी आई विचारते, माझ्यासाठी का नाही आणलंस? पुढे गुरुजी निबंधाला विषय देतात, तोही सहलीचाच! आता या पोरानं वहीत काय लिहायचं? निसर्गशोभा?

डीएडच्या वर्गात बाकी सगळं बाजूला ठेवून ही दोन-तीन पानं वाचून घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशी जातीवर कुणी भाषण दिलं नव्हतं. धडा दिला तो बसण्याच्या जागेनं. आणि तो पलीकडच्या झाडाखालच्या मुलांनीही गिरवला. उरलेलं देताना आपण दयाळू आहोत असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्यापैकी कुणाचं आत्मचरित्र माझ्या वाचनात नाही.

जन्मावरून बसणारा असाच दुसरा शिक्का म्हणजे 'गुन्हेगार जमाती'. त्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मानेच माणूस चोर ठरला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली, आतल्या माणसांना हजेरी लागली, अनेकांना गिरणीत जुंपलं. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालायचा अधिकारही सरकारने घेतला होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला.

तो भाग शहरात आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. तिथल्या एका मावशींच्या ओट्यावर चहा घेताना शाळेचा विषय काढला. "वर्गात पेन हरवलं की आधी आमचंच दप्तर उलटं करायचे," त्या म्हणाल्या. "पेन दुसरीकडं घावलं तरी आमच्या वह्या आम्हीच गोळा करायच्या." मी विचारलं, बाई माफी मागायच्या का? मावशी नुसत्या हसल्या.

शाळेची वाट घरच्या बाजूनंही सोपी नसते. अशाच 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोरगं शाळेत जायला लागतं, वस्तीत हगवण-उलट्यांची साथ येते आणि लोक तिचा दोष त्याच्या शाळेला देतात. हे वाचून आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण ज्यांच्या मुलांना सरकार सुधारण्यासाठी उचलून नेऊ शकत होतं, त्यांनी शाळेवर एकदम विश्वास का ठेवावा?

निघताना मावशींना नातीच्या शाळेबद्दल विचारलं. "चांगली हाय," त्या म्हणाल्या, "पण फॉर्मवर पत्ता मामाच्या घरचा दिलाय."