मुलांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला

नाताळची सुटी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, "यंदा कुठं जायचं?" तुम्ही नाशिककडचे असाल तर लांबच्या गावांची नावे काढण्यापूर्वी नांदूर मध्यमेश्वरचा विचार करा. निफाड तालुक्यातले हे पाणपक्ष्यांचे अभयारण्य नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरांवर आहे. मात्र राणीच्या बागेत फिरल्यासारखे फिरू अशा समजुतीने गेलात, तर मुले तासाभरात कंटाळतील आणि "इथं तर नुसतं पाणी नि चिखल!" म्हणतील.

हा चिखलच तर तिथली खरी दौलत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा घातला तो कालव्यांसाठी. पाखरांचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उठली, लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने हे नुकसानच. पक्ष्यांना मात्र वाढलेले ताट मिळाले. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले, आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी आंतरराष्ट्रीय रामसर यादी आहे, तीत २०२० साली महाराष्ट्राचे पहिले नाव लागले ते याच जागेचे.

चापडगावाजवळच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलात की मुलांना पक्ष्यांची नावे पाठ करायला लावू नका. आपण मास्तर मंडळी ही चूक फार करतो! त्यांना एवढेच विचारा, "कोण किती पाण्यात उभा आहे, आणि त्याची चोच कशी आहे?" चिखलाच्या कडेला शेकाट्या आपल्या काडीसारख्या लाल पायांवर टिपत असतो. गुडघाभर पाण्यात चमचा चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. थापट्या बदक फावड्यासारख्या चोचीने पृष्ठभागावरचे पाणी गाळून घेते. तलवार बदक डोके खाली, शेपटी वर करून लांब मानेने तळ गाठते. आणखी खोल पाण्यात पाणकावळा सरळ बुडीच मारतो. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा पक्षी म्हणजे वारकरी. हे नाव मुले जन्मात विसरणार नाहीत. एकाच तळ्यात इतकी पंगत बसते आणि भांडण फारसे होत नाही, ते या वाटणीमुळे.

हीच गोष्ट ध्यानात आली की "आज पक्षी का नाहीत?" हा प्रश्नही सुटतो. कालव्याला आवर्तन सोडायचे असले की वरच्या धरणांतून पाणी येते. पातळी हातभर चढली तरी उथळ पाण्यातल्या मंडळींचे पान उठते; ती दुसरीकडे जातात. तेव्हा निघण्यापूर्वी तिथल्या माहीतगाराला पाण्याची स्थिती विचारून घ्यावी. पाण्यावर पसरलेली पानवेलही मुलांना दाखवा. सांडपाण्यावर ती फोफावते, आणि नाशिकचे जे सांडपाणी गोदावरीत जाते ते वाहत इकडेच येते. "म्हणजे आपल्या घरचं?" असे एखादे पोर विचारील. त्याला खरे ते सांगा.

गप्प बसा म्हणून मुलांना दटावण्यापेक्षा कारण सांगितलेले बरे. यांतली पुष्कळ बदके मध्य आशिया आणि सैबेरियाकडून हिमालय ओलांडून येतात. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची ती याच मुक्कामात. आपण आरडाओरडा केला की सारा थवा उठतो, आणि दर उड्डाणात ती शिदोरी थोडी खर्ची पडते. ससाणा आला तर उठणे भागच आहे, आपल्यासाठी कशाला?

उजाडता पोहोचा. ऊन चढले की बदके माना पिसांत खुपसून झोपतात. चिवड्याचे पुडे पक्ष्यांपुढे न टाकता घरच्यांनीच संपवावेत, रिकामे कागद पिशवीत घालून परत आणावेत. आणि दुर्बीण एकच असली तर ती आधी धाकट्याच्या हाती द्या. वडीलधाऱ्यांच्या हाती गेली की तिची पाळी दुपारपर्यंत काही येत नाही.