उंच मुलाची सायकल आणि तिची कुरकुर

नववीतल्या एका मुलाची सायकल पावसाळ्यानंतर कुरकुरायला लागली. शाळेच्या फाटकापाशी आवाज आला की वर्गातली पोरं खिडकीतून न बघताच सांगायची, कोण आलं ते. दुकानात दोनदा तेल मारून झालं, चेन बदलून झाली. आवाज चार दिवस थांबायचा, पुन्हा सुरू. त्यात त्याचे गुडघे दुखायला लागले. घरच्यांनी ठरवलं, सायकल बंद, आता रिक्षा लावू. हा मुलगा वर्षभरात आठ-नऊ सेंटीमीटर वाढला होता आणि दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच होतं, हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं.

तुमच्याही वर्गात, घरात असं एखादं उंच मूल असेल. वाढीच्या वयात आधी पाय लांब होतात, धड मागाहून वाढतं. जूनमध्ये बरोबर बसवलेली सीट दिवाळीच्या सुट्टीपर्यंत खाली पडलेली असते. म्हणजे सीट तिथेच असते, मूल वर गेलेलं असतं! मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या मुलींनाही एकच सायकल कित्येक वर्षं पुरवायची असते. म्हणून निदान दर सत्राला एकदा माप घ्या. सोपं आहे आणि गणिताचा एक छान तासही होतो.

माप कसं घ्यायचं? मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभं करा. दोन पायांत साधारण पंधरा सेंटीमीटर अंतर. एक जाडसर वही दोन्ही पायांच्या मधे आडवी धरून वर सरकवा, सीटवर बसल्यासारखी घट्ट लागेपर्यंत. वहीची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलीची खूण. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. आमच्या मुलाची ती ८४ सेंटीमीटर भरली.

आता या लांबीला ०.८८३ ने गुणा. ८४ × ०.८८३ = ७४.२. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत, सीटच्या नळीला धरून मोजलेलं अंतर इतकं असावं. हा गुणक तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने ओळखला जातो. दुसरी एक जुनी रीत आहे. पायाच्या लांबीच्या १०९ टक्के घ्यायचे आणि ते पायडल सर्वांत खाली असताना पायडलच्या दांडीपासून सीटपर्यंत मोजायचे. ८४ चे १०९ टक्के म्हणजे ९१.६. मुलांना हे दोन्ही आकडे द्या आणि विचारा, एक नियम ७४ म्हणतो, दुसरा ९१, मग खरा कोणता? थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतंच, "सर, मधे क्रँक आहे ना!" क्रँकची लांबी साधारण १७ सेंटीमीटर. ७४.२ + १७ = ९१.२. दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळजवळ एकाच जागी आलो.

आकडेमोड नको असेल तर टाचेची परीक्षा घ्या. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा ठेवून चालवलं की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. हा बाक २५ ते ३५ अंशांचा असावा असं मानतात. बाजूने फोटो काढून त्यावर कोनमापक ठेवला की झालं. सीट फार खाली असेल तर गुडघा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो आणि पुढच्या बाजूला दुखतो. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते, कंबर डावी-उजवी हलायला लागते. मागून बघा, लगेच दिसतं.

इथे पालकांना एक सांगायला हवं. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असा आपल्याकडे आग्रह असतो. शिकणाऱ्या छोट्या मुलासाठी तो बरोबर आहे. पण चालवता येणाऱ्या उंच मुलाला तसं बसवलं तर त्याचे गुडघे बिचारे पोटाशी येतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, ही सवय लावा. गर्दीच्या रस्त्याने जाणार असेल तर हिशोबापेक्षा दोन सेंटीमीटर खाली ठेवा, पण दहा नको. आणि सीट बरोबर करूनही गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखणारा उंचवटा राहिला तर डॉक्टरांना दाखवा. वाढत्या मुलांमध्ये तो वेगळा त्रास असू शकतो, त्यावर पान्हा चालत नाही.

आमच्या मुलाच्या सायकलीचं माप घेतलं. हवे होते ७४, होते ६८. आणि ते ६८ कसे गाठले होते बघा. सायकलीची उभी नळी ४२, सीटची जाडी ६, उरलेले २० म्हणजे बाहेर काढलेला सीटपाइप. पाइप पूर्ण बाहेर काढला तर तो सगळा मिळून २४ सेंटीमीटरच! म्हणजे नळीच्या आत फक्त ४ सेंटीमीटर होता. मूल उंच होतंय म्हणून घरच्यांनी प्रेमाने तो वर वर सरकवत नेला होता.

सीटपाइपवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती कधीच नळीच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ नसेल किंवा झिजली असेल तर मी निदान सात सेंटीमीटर आत ठेवतो आणि पाइपाचं खालचं टोक आडव्या दांड्याच्या जोडाखाली गेलंय ना, ते बघतो. का, ते तरफेच्या नियमाने कळतं. नळीचं तोंड हा टेकू. बाहेर २० सेंटीमीटर, आत ४. सीटवर बाजूने १० किलोचा रेटा आला तर आतल्या टोकावर १० × २० ÷ ४ म्हणजे ५० किलोचा रेटा. पाइप थोडा वाकतो, तोंडाशी घासतो, पुन्हा सरळ होतो. प्रत्येक पायडलला एकदा. हीच ती कुरकुर! सायकल नुसती कण्हत नव्हती, पाइप कधी निसटेल किंवा नळीचं तोंड कधी फाटेल, याचा इशारा देत होती. आणि आपण चेनला तेल मारत होतो.

उपाय काय केला? त्याच व्यासाचा ४० सेंटीमीटरचा पाइप आणला. जुना पाइप दुकानात सोबत न्या, व्यासात मिलिमीटरचाही फरक चालत नाही. आता बाहेर २६, आत १४. बाहेरची लांबी वाढली, पण आतल्या टोकावरचा रेटा १० × २६ ÷ १४, म्हणजे १९ किलोच्याही खाली. जास्त उंच आणि तरीही जास्त भक्कम. हे उदाहरण फळ्यावर मांडाल तेव्हा आधी मुलांना अंदाज करायला सांगा. बहुतेक जण चुकतात.

सीट वर गेली की ती मागेही जाते, कारण नळी तिरकी असते. कोन ७० अंशांचा धरला तर ६ सेंटीमीटर वर नेताना ती सुमारे २ सेंटीमीटर मागे सरकते. मग हँडल लांब पडतं. सीटखालची पकड सैल करून तेवढी पुढे घ्यायची. हँडलही थोडं उचलावं लागतं, त्याच्या दांडीवरही तशीच मर्यादेची रेघ असते. शेवटी हँडल पूर्ण वळवून पायडल फिरवून बघा. गुडघा हँडलला आपटत असेल तर ती सायकलच लहान आहे, पाइप बदलून भागणार नाही. नवीन घेताना दुकानदार २४ की २६ विचारतो तो चाकाचा आकार, हेही लक्षात ठेवा. उंच मुलासाठी उभ्या नळीची लांबी आणि दोन दांड्यांमधली लांबी बघायची असते, ती विचारा.

आता कुरकुर कुठून येते ते शोधायची पद्धत. सायकलीच्या नळ्या पोकळ, त्यातून आवाज कुठूनही कुठेही जातो. कानाला जे वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका. सगळीकडे एकदम तेल मारणं सगळ्यात वाईट, कारण चार दिवस आवाज बंद होतो आणि पुरावाही जातो. (खोबरेल तर नकोच. थंडीत थिजतं आणि धूळ धरून बसतं.) एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना हेच सांगतो ना?

मोकळ्या मैदानात जा. वेग घेऊन पायडल मारणं थांबवा. आवाज चालूच राहिला तर चाक, ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर यांच्याकडे बघा. थांबला तर पायडल, क्रँक, चेन, किंवा सीट. मग सीटवरून उठून उभ्याने पायडल मारा. आवाज गेला की चोर सीटपाशी. आमच्याकडे इथेच सापडला. उभ्यानेही येत असेल तर पायडल न मारता हँडल ओढून-दाबून बघा, मग एकेका पायाने चालवून बघा.

यानंतर मोजणी, आणि हा माझा आवडता भाग. पुढच्या चक्रीला ४८ दाते, मागच्या चक्रीला १८ असं धरू. पायडलच्या ३ फेऱ्यांत चाकाचे ८ फेरे होतात. चेनच्या कड्या ११२ असतील तर पायडल ७ वेळा फिरतं तेव्हा चेन ३ वेळा पूर्ण फिरते. म्हणून पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला, पाय एकाच जागी असताना टक् झालं तर दोष पायडल, क्रँक किंवा पुढच्या चक्रीत. दर सव्वादोन-अडीच फेऱ्यांनी एकदा होत असेल तर चेनची एखादी कडी अडकतेय. एका फेऱ्यात अडीच-पावणेतीन वेळा होत असेल तर ते चाकाचं काम. तुमच्या सायकलीचे दाते आणि कड्या मोजा, आकडे वेगळे येतील, रीत तीच.

क्रँक कॉटर पिनने बसवलेला असेल तर दोन्ही क्रँक आडवे धरून दोन्ही पायडल एकदम दाबा, मग अर्धा फेरा फिरवून परत दाबा. गचका जाणवला तर पिन सैल आहे. नुसता नट आवळून उपयोग नाही, क्रँकखाली आधार देऊन पिन ठोकून बसवावी लागते. हे दुकानातच करून घ्या. पायडल घट्ट करताना मात्र एक आठवण ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजव्यासारखं फिरवलं तर ते सुटेल.

सीटपाइप काढला की कोरड्या फडक्याने पुसायचा, नळीचं तोंड आतून पुसायचं, पातळसा ग्रीसचा हात द्यायचा आणि पुन्हा बसवायचा. त्याच वेळी जोडांपाशी रंग नीट बघा. केसाएवढी रेघ दिसली, तिच्यात गंज दिसला, तर ती सायकल त्या दिवशी चालवायची नाही. आमच्या मुलाच्या नळीला तशी रेघ नव्हती. जुना पाइप मात्र पट्टीला लावून पाहिला तर तोंडाच्या जागी किंचित वाकलेला निघाला. तो आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, तरफेचा धडा आला की बाहेर काढतो.