पन्नी ते पन्नी नव्हे : मालाप्रमाणे प्लास्टिक निवडा

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास विभाग म्हटला की बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांवरच आम्ही बोलणार, अशी आपली समजूत आहे. या अंकात मात्र आम्ही पिशवीवर लिहीत आहोत. पुलगावकडच्या बऱ्याच सभासदांच्या घरी आता उसाला जोडधंदा आहे. कोणी गूळ पावडर करतो, कोणी काकवी, कोणी हळद पूड, तर कोणी तुरीची डाळ. पुलगाव, आर्वी, वर्धा येथील दुकानांत हा माल जातो. माल करण्यात घरची मंडळी, विशेषतः बाया, रात्रंदिवस राबतात. पण तो कशात भरायचा हे मात्र शेवटच्या दिवशी दुकानदाराला विचारून ठरते.

या बाबतीत आमचीही एक चूक झाली, ती आधी सांगतो. एका सभासदाच्या घरच्यांनी उन्हाळ्यात गुळाची एकेक किलोची पाकिटे केली. त्यांनी आम्हाला विचारले, "साहेब, पन्नी कोणती घ्याची?" आम्ही चालता चालता सांगितले, "पन्नी ते पन्नी, बाजारात मिळंल ती घ्या." त्यांनी स्वस्तातली पातळ पिशवी आणली, गूळ कोमट असतानाच भरला आणि तोंडाला स्टेपलरची पिन मारली. आषाढात पाकिटे पाझरली, श्रावणात गुळावर बुरशी आली आणि दुकानदाराने सगळा माल परत पाठविला. पिशवीत वाचले ते पैसे शेकड्यात, बुडाले ते हजारात. त्या माउलीने आम्हाला शब्दानेही दोष दिला नाही, पण आमच्या मनाला ते लागले. म्हणून हा लेख.

प्लास्टिकचे प्रकार

बाजारात आपल्या कामाचे प्रकार मुख्यतः चार आहेत. डब्याच्या किंवा बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, त्यावरून ते ओळखता येतात.

आकडा १ म्हणजे पेट. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या याच्याच. हवा आणि वास अडविण्यात चांगले, पण साधी पेट बाटली सुमारे ७० अंशांपुढे आकसते.

आकडा २ म्हणजे एचडीपीई, म्हणजे जाड दुधी रंगाचे कॅन आणि बरण्या. मजबूत, ओल अडविणारे.

आकडा ४ म्हणजे एलडीपीई. हीच आपली नेहमीची मऊ पन्नी. ओल चांगली अडविते, उष्णतेने तोंड पक्के चिकटते. पण वास आणि हवा हिच्यातून हळूहळू जातात.

आकडा ५ म्हणजे पीपी, पॉलिप्रॉपिलीन. पातळ पिशवी असेल तर काचेसारखी चकाकते आणि हातात कुरकुरते. विणलेली पांढरी पोती बहुधा याचीच. हे सुमारे १६० अंशांना वितळते, म्हणून गरम पदार्थाला यातल्या त्यात बरे.

आकडा नसेल तर तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. एलडीपीई, एचडीपीई आणि पीपी तरंगतात. पेट आणि पीव्हीसी बुडतात. जाळून पाहण्याची सवय काहींना आहे, ती सोडावी. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घातक असतो.

कोणत्या मालाला काय

गूळ व गूळ पावडर : गुळाचा शत्रू ओल. गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि पावसाळ्यात सुटतो. त्याला जाड एलडीपीई किंवा पीपीची पिशवी चालते, पण ती उष्णतेने सील केलेली हवी. पिन मारली की दोन भोके पडलीच. दोऱ्याने बांधली तरी ओल शिरते. दुसरे म्हणजे गूळ पूर्ण थंड आणि कोरडा करून भरा. कोमट गुळाची वाफ आतच थांबते, तिचे पाणी होते आणि त्यावर बुरशी धरते. कारखान्यातही साखर थंड करूनच पोत्यात भरतात, नाहीतर तिचे खडे होतात. नियम तोच.

काकवी : कढईतून उतरलेली काकवी शंभर अंशांच्या वर असते. ती पेट बाटलीत ओतली की बाटली वाकडी होणारच. काकवी निववून मग पेट किंवा एचडीपीई बरणीत भरा. गरमच भरायची असेल तर आधी तापवून घेतलेली काचेची बाटली उत्तम. काकवी पातळ राहिली तर ती आंबते आणि बाटली फुगते. तो दोष बाटलीचा नव्हे, आपल्या कढईचा.

हळद पूड : आपल्या जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असा नावाजलेला माल साध्या पारदर्शक पन्नीत दुकानाच्या दारावर टांगला, तर उजेडाने रंग उतरतो आणि वास उडून जातो. हळदीला अपारदर्शक, थरांची पिशवी घ्यावी : बाहेर पॉलिएस्टर, आत पॉलिथीन, मधे चंदेरी थर. ती महाग पडते आणि भंगारवाला ती सहसा घेत नाही, हेही खरे. म्हणून जिथे गरज तिथेच वापरा. डाळीला तिची गरज नाही.

तूर डाळ : साधी सील केलेली जाड पन्नी पुरते. डाळ मात्र उन्हात चांगली वाळवून भरा. ओली डाळ कोणतीही पिशवी वाचवीत नाही.

साखर : साखर पूर्वी तागाच्या १०० किलोच्या पोत्यात जाई, आता ५० किलोचे पोते असते. विणलेल्या पीपी पोत्याच्या आत पन्नीचे अस्तर असते, कारण विणीच्या फटीतून ओल शिरते. ताग शेतकऱ्यासाठी १९८७ साली केंद्राने कायदा केला. त्याखाली साखरेचा ठरावीक हिस्सा, सध्या २० टक्के, तागाच्या पोत्यात भरावा लागतो. घरी साखरेचे पोते उन्हात टाकू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात विणलेले पोते महिन्या-दोन महिन्यांत ठिसूळ होऊन हातात तुटते.

कापूस : पुलगाव ही कापसाची आणि गिरणीची जुनी पेठ. तेव्हा हे तर ध्यानात ठेवाच. वेचणीला प्लास्टिकची चुंगडी वापरू नका. तिचे धागे कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये निघत नाहीत, रंग घेत नाहीत आणि शेवटी कापडावर दिसतात. अशा कापसाला भाव पडतो. वेचणीला सुती कापडाची झोळीच बरी.

जाडी कशी पारखावी

पिशवी किलोवर मिळते. पातळ पिशवी किलोत जास्त बसते, म्हणून स्वस्त वाटते. हिशेब साधा आहे. ८ बाय १२ इंचाची पिशवी, एक पदर ५० मायक्रॉन, म्हणजे तिचे वजन सुमारे साडेपाच ग्रॅम. एका किलोत अशा साधारण १८० पिशव्या बसतात. दुकानदाराने २५० मोजून दिल्या, तर पदर ३६ मायक्रॉनच्या आसपास आहे असे समजावे. पिशवीची जाडी दुप्पट केली की आत शिरणारी ओल जवळजवळ निम्मी होते. किलोभर गुळाला आम्ही ७५ मायक्रॉनचा पदर सुचवितो. त्या किलोत १२० च्या आसपास बसतात. आषाढात माल परत येण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

या तीन गोष्टी करू नका

एक, औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये काकवी, तेल किंवा पाणी कधीही भरू नका. औषध प्लास्टिकमध्ये मुरते, कितीही धुतले तरी पुरते निघत नाही. असे कॅन तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, भोके पाडून निकामी करावेत. दोन, युरियाच्या पोत्यात धान्य किंवा डाळ भरू नका. तीन, काळ्या किंवा भडक रंगाच्या, पुन्हा वितळवून केलेल्या पन्नीत खाण्याचा माल बांधू नका. विकत घेताना 'खाद्यपदार्थाची' असे स्पष्ट सांगून घ्या आणि बिल मागा. पॉलिथीनला आयएस १०१४६ आणि पीपीला आयएस १०९१० ही भारतीय मानके आहेत. मोठी खरेदी करताना विक्रेत्याकडून तसे लिहून घ्यावे.

कायद्याचे भान

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाल्या. मालाच्या वेष्टनाला सरसकट बंदी नाही, पण ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पन्नी सामान्यतः चालत नाही. गिऱ्हाईकाला माल द्यायला कापडी पिशवी ठेवा. पाकिटावर मालाचे नाव, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, किंमत, आपले नाव-पत्ता आणि अन्न परवान्याचा क्रमांक असावा.

आणि शेवटी एकच सांगणे. एकदम हजार पिशव्या आणू नका. पंचवीस आणा, माल भरा, सील करा आणि पावसाळ्याचे चार आठवडे घरातच ठेवून पाहा. उसाचे नवे वाण आपण आधी चार सरींत लावून पाहतो, तसेच हे आहे. ज्यांच्या गुळाची हकीकत वर सांगितली, त्यांनी यंदा असेच केले. या खेपेला आम्हीही त्यांच्या ओसरीवर बसून पिशव्या मोजल्या, वजन केले. भर पावसात पाकीट फोडले तेव्हा गूळ कोरडा होता.

पिशवी घेण्याआधी गटकार्यालयात नमुना घेऊन या. आता आम्ही चालता चालता उत्तर देणार नाही.

कळावे,
ऊस विकास अधिकारी