शिनाण्यांची शेती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नसला, तरी फोंडा किंवा आंबा घाट उतरल्यावर ज्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्या लागतात, तेथील खडकांवर वाढणारा आणि दक्षिण कोकण-गोव्यात शिनाणे म्हणून ओळखला जाणारा हिरवा शिंपला आता दोरांवरही वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७०च्या दशकात प्रयोगांतून सिद्ध केलेले हे तंत्र १९९०च्या दशकात केरळच्या कासरगोड जिल्ह्यात महिला गटांनी रुजवले आणि पुढे सिंधुदुर्गातही त्याचे प्रयोग झाले.

गैरसमज: शिंपल्यांना खाद्य घालावे लागते.
वस्तुस्थिती: शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळतो आणि त्यातील वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, टिपून खातो, म्हणूनच प्लवकांची विपुलता, क्षारता आणि प्रवाह यांवर त्याची वाढ ठरते व अनुकूल पाण्यात १५ ते २५ मिलिमीटरचे बीज सुमारे सहा महिन्यांत ७५ ते ८५ मिलिमीटरचे होते.

गैरसमज: नारिंगी मांसाचा शिंपला नासलेला असतो.
वस्तुस्थिती: या जातीत नर व मादी वेगळे असतात आणि परिपक्व नराची जननग्रंथी दुधाळ पांढरी, तर मादीची नारिंगी दिसते.

गैरसमज: शिंपला जन्मापासून खडकाला चिकटलेला असतो.
वस्तुस्थिती: नर-मादी शुक्राणू आणि अंडी पाण्यात सोडतात, फलन तेथेच होते आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पोहणारी अवस्था, दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर फिरून मग रेशमासारख्या चिवट तंतूंनी आधाराला धरते. खडकांवरून गोळा केलेले असे बीज दोराभोवती पसरून सुती कापडाने गुंडाळतात; काही दिवसांत कापड कुजते, तोवर बीज दोराला धरलेले असते.

गैरसमज: जितके जास्त दिवस ठेवावे, तितके उत्पन्न वाढते.
वस्तुस्थिती: पश्चिम किनाऱ्यावर प्रजननाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या आगेमागे येतो, अंडी-शुक्राणू सोडल्यानंतर मांस रोडावते आणि पुराच्या गोड्या पाण्याने खाडीची क्षारता घटून शिंपले मरतात, म्हणून दिवाळीनंतर सोडलेले दोर मृगापूर्वी काढणेच हिताचे ठरते.

गैरसमज: नदीतले शिंपलेही असेच वाढतात.
वस्तुस्थिती: आपल्या नद्यांतील लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातील शिंपल्यांची मादी अंडी स्वतःच्या कल्ल्यांत सांभाळते आणि त्यांचे डिंभ माशांच्या अंगाला चिकटून परजीवी म्हणून वाढतात; शिनाण्यांना मात्र खारे पाणीच लागते.

गैरसमज: नीट शिजवल्यास कोणत्याही पाण्यातला शिंपला निर्धोक ठरतो.
वस्तुस्थिती: पाणी गाळताना शिंपला जिवाणू, जड धातू आणि विषारी शैवालांची द्रव्येही साठवतो, शिजवल्याने जिवाणू मरतात, परंतु धातू व शैवालविष टिकून राहते. खाद्य आणि बीज दोन्ही पाण्यातूनच मिळत असल्यामुळे खाडीत सांडपाणी न सोडणे ही या शेतीची पहिली मशागत आहे, आणि ती एकट्या शेतकऱ्याच्या हातची नसून काठावरच्या प्रत्येक गावाची जबाबदारी आहे.