६४० केबीतला संसार

१९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला मेमरीचे पत्ते सांगायला वीसच तारा, म्हणजे एकूण १०२४ केबी. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, रॉम वगैरेंसाठी राखीव. उरलेल्या ६४० मध्ये डॉसही आणि तुमचा प्रोग्रॅमही!

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये अनेक प्रोग्रॅम एकदम उघडायचे, पण प्रोसेसर कधी सोडायचा ही ज्याची त्याची मर्जी. नळावर एकजण हंडा लावून बसला की सगळी रांग खोळंबते, तसंच. एक प्रोग्रॅम अडकला की बहुतेकदा शेजारच्या खिडकीतलं सेव्ह न केलेलं पत्रही गेलं. विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅमना वेळ संपताच बाजूला करायला सुरुवात केली. जुन्या १६-बिटवाल्यांची आपापसातली मर्जी मात्र तशीच ठेवली, कारण लोकांची जुनी सॉफ्टवेअर चालायला हवी होती. रोज कोड लिहिणाऱ्या मला ती तडजोड रास्त वाटते.