माशांच्या खाद्यातील जीवनसत्त्वे आणि उन्हाळ्याचा ताण

जुलै-ऑगस्ट महिन्यांत तळ्यात सोडलेले रोहू, कटला व मृगळ यांचे बीज साधारणतः पुढील उन्हाळ्यापर्यंत विक्रीयोग्य होते. परंतु नेमक्या त्याच सुमारास पाणी आटते, तापते व दूषित होऊ लागते. वर्षभराच्या खर्चाचे व श्रमाचे मोल पदरी पडावयाचे, त्याच आठवड्यांत मासे मरू लागले तर मत्स्यसंवर्धकाचे नुकसान भरून निघणे कठीण असते. हे नुकसान कमी करण्यास खाद्यातील जीवनसत्त्वे कितपत साहाय्य करतात, याची माहिती प्रत्येक मत्स्यसंवर्धकास असणे अगत्याचे आहे.

ताण कशामुळे येतो?

पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; 30 अंशांस हे प्रमाण सुमारे 7.5 मिलिग्रॅमवर येते. उलट, उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. याखेरीज दाटी, जाळे ओढणे, बीजाची वाहतूक, कुजलेल्या खाद्यातून निर्माण होणारा अमोनिया आणि शेतांतून वाहून येणारी कीटकनाशके ही ताणाची अन्य कारणे होत.

ताण येताच माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. थोड्या काळापुरते ते उपकारक असते. ताण दीर्घकाळ टिकल्यास मात्र वाढीची शक्ती बचावात खर्ची पडते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही घातक ठरतात. म्हणूनच पुष्कळदा मासे प्रत्यक्ष ताणाच्या दिवशी न मरता काही दिवसांनी रोगाने मरतात.

जीवनसत्त्व ‘क’

गाय व शेळी हे प्राणी जीवनसत्त्व ‘क’ आपल्या शरीरातच तयार करतात. मनुष्याला ते करता येत नाही, तसेच कटला-रोहूसारख्या बहुतेक अस्थियुक्त माशांनाही करता येत नाही. त्यांना ते आहारातूनच मिळावे लागते. ते कमी पडल्यास माशाचा कणा वाकडा होतो, कल्ल्यांचा आधार दुर्बल होतो आणि जखमा लवकर भरत नाहीत.

आल्बर्ट सेंट-जॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने 1928 मध्ये हे द्रव्य प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे केले. ताणाची संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथी हीच होय. माशांमध्ये हे कार्य मूत्रपिंडाच्या पुढील भागातील पेशी करतात. तेथेही जीवनसत्त्व ‘क’चा साठा असतो व ताणाच्या काळात तो झपाट्याने खर्च होतो. अनेक जातींच्या माशांना वाढीसाठी प्रति किलो खाद्यात 25 ते 50 मिलिग्रॅम एवढे प्रमाण पुरते. ताणाच्या काळात मात्र त्याच्या कित्येक पट प्रमाण उपयुक्त ठरल्याचे प्रयोगांत आढळून आले आहे.

जीवनसत्त्व ‘ई’ व ‘ब-6’

माशांच्या पेशींच्या आवरणांत लवकर खवट होणारी स्निग्धद्रव्ये असतात. जीवनसत्त्व ‘ई’ त्यांचे रक्षण करते आणि या कामी खर्ची पडलेले ‘ई’ पुन्हा कार्यक्षम करण्यास ‘क’ मदत करते. ही दोन्ही एकमेकांस पूरक असल्याने ती एकत्र देणे इष्ट होय.

मुंबईतील वर्सोवा येथे 1961 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत रोहूच्या बोटुकलीवर जीवनसत्त्व ‘ब-6’चे प्रयोग झाले आहेत. वाढलेले तापमान आणि एंडोसल्फान हे कीटकनाशक यांमुळे येणारा ताण, खाद्यात हे जीवनसत्त्व वाढविल्यास सौम्य होतो, असे त्यांत दिसून आले. एंडोसल्फानवर भारतात 2011 मध्ये बंदी आली. तथापि शेतातील इतर औषधांचा प्रश्न कायम आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे 2009 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही माशांच्या आहाराद्वारे ताण कमी करण्यावर संशोधन चालते.

गरज कोठे अधिक?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांत मासे मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व प्राणी यांवर वाढतात. या नैसर्गिक अन्नातून त्यांना बरीच जीवनसत्त्वे मिळतात. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात किंवा जलाशयातील पिंजऱ्यात मात्र असे अन्न अल्प असते व मासे बव्हंशी दिलेल्या खाद्यावरच अवलंबून असतात. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांत जीवनसत्त्व ‘क’ जवळजवळ नसतेच.

खाद्य तयार करताना घ्यावयाची काळजी

1. जीवनसत्त्व ‘क’ उष्णतेने नाश पावते. म्हणून कोंडा-पेंडीचे मिश्रण प्रथम शिजवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे व मगच त्यात जीवनसत्त्वे मिसळावीत.
2. साधे ‘क’ पाण्यात लवकर विरघळून जाते. त्याचे फॉस्फेटयुक्त रूप अधिक टिकाऊ असते. साधे वापरावयाचे झाल्यास खाद्यावर तेलाचा हलका हात फिरवून ते त्वरित वापरावे.
3. प्रति किलो 200 मिलिग्रॅम हे प्रमाण ठरविल्यास 100 किलो खाद्यास केवळ 20 ग्रॅम लागते. एवढी अल्प मात्रा आधी थोड्या कोंड्यात कालवून नंतर सर्व खाद्यात मिसळावी, म्हणजे ती सारखी पसरते.
4. खवट कोंडा व बुरशी आलेली पेंड वापरू नये. खवटपणा जीवनसत्त्व ‘ई’चा नाश करतो.
5. खाद्य कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे आणि गरजेपुरतेच खरेदी करावे.

मर्यादा

जीवनसत्त्वे हे प्राणवायूला पर्याय नव्हेत. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले तर त्या वेळी खाद्य बंद ठेवून ताजे पाणी सोडणे, पाणी घुसळणे व काही मासे काढून दाटी कमी करणे हाच उपाय होय. जीवनसत्त्वांचा साठा शरीरात हळूहळू होतो. म्हणून ती कडक उन्हाळ्याच्या किंवा बीज वाहतुकीच्या काही आठवडे आधीपासून द्यावी लागतात. संकट उभे राहिल्यावर महागडी पूड तळ्यात ओतून उपयोग होत नाही. पाणी स्वच्छ, दाटी बेताची व खाद्य ताजे असेल तेथेच जीवनसत्त्वांवर केलेला खर्च कारणी लागतो. खाद्यातील योग्य प्रमाणाबाबत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा.